मॅकवर आल्यानंतर जुना मराठी मजकूर पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

आमचा छापखाना लहान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि दिवाळीच्या तोंडावर एखाददुसरा अंक, एवढाच पसारा. अक्षरजुळणीचे विंडोज संगणक बदलून मॅक घेतले तेव्हा धास्ती होती ती प्रिंटरची आणि हिशेबाच्या पॅकेजची. प्रत्यक्षात प्रिंटर पहिल्याच दिवशी चालू झाले. टॅली मॅकवर चालत नसल्यामुळे एक विंडोज संगणक ठेवावाच लागला आणि तो विषय तिथेच मिटला. मिटला नाही तो एकच बिघाड. जुन्या कामातील मराठी मजकूर मॅकवर उघडला की त्याचा कचरा होतो, तो दुरुस्त केला की काही दिवस बरे जातात, आणि मग दुसऱ्याच फायलीत, दुसऱ्याच संगणकावर तोच कचरा पुन्हा वर येतो.

हा एक बिघाड नसून दिसायला सारखे असणारे चार निरनिराळे बिघाड आहेत, हे लक्षात येईपर्यंत आमचे बरेच महिने गेले. एकाचा उपाय दुसऱ्यावर करत राहिल्यामुळेच तो परत परत येत होता.

आधी बिघाड ओळखा

बिघडलेल्या मजकुरातील एखादी ओळ निवडावी आणि तिचा फॉन्ट बदलून मॅकसोबत येणारा कोहिनूर देवनागरी लावून पाहावा. ओळ मराठीत दिसू लागली, निदान तिच्यातील अक्षरे देवनागरी असली, तर मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षर स्वतःच्या ठरलेल्या क्रमांकाने साठवण्याची सर्वमान्य पद्धत) आहे आणि दोष मांडणीच्या सॉफ्टवेअरकडे आहे. ओळ इंग्रजी अक्षरांतच राहिली तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला आहे, आणि मॅकवर कितीही सेटिंग बदलली तरी तो सुधारणार नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते. ती न करता सेटिंग बदलत बसण्यात आम्ही पहिला महिना घालवला.

जुन्या पद्धतीचा फॉन्ट म्हणजे काय, हे ऑपरेटरला एकदा नीट समजावून सांगणे फार उपयोगी पडते. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला तर संगणकाच्या स्मृतीत म, रा, ठी असे काहीच साठत नाही. तिथे ई, जे, के, मोठी बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. कृतिदेव फॉन्ट फक्त त्या अक्षरांवर देवनागरी आकारांचे मुखवटे चढवतो. मुखवटा काढला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात, आणि ती आपल्याला कचरा वाटतात. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएम या पॅकेजमधील फॉन्ट घेतले तर मुखवट्यांची वाटणी वेगळी असते, पण तत्त्व हेच. युनिकोडमध्ये मात्र 'म' हा 'म' म्हणूनच साठतो, त्यामुळे फॉन्ट कोणताही असला तरी शब्द शाबूत राहतो.

विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आहे, मग इतकी वर्षे आपण जुन्याच फॉन्टवर का राहिलो, असा प्रश्न नवे लोक विचारतात. कारण साधे आहे. छापखान्यांचे काम पेजमेकर आणि कोरलड्रॉ या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर चालत होते आणि पेजमेकरला, तसेच कोरलच्या जुन्या आवृत्त्यांना, देवनागरी युनिकोडची जोडाक्षरे नीट मांडता येत नव्हती. मुखवट्याची युक्ती हाच त्या काळी व्यवहार्य मार्ग होता. त्यात कोणाची चूक नव्हती.

पहिला बिघाड: सगळाच मजकूर इंग्रजी अक्षरांत

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे जुन्या विंडोज संगणकावरील फॉन्टच्या फायली मॅकवर आणून बसवणे. आम्हीही तेच केले, आणि बिघाड वारंवार येण्याचे सर्वांत मोठे कारण तेच ठरले. फॉन्ट बसवलेल्या मॅकवर मजकूर दिसू लागतो, काम पुढे सरकते, आणि मग त्याच फायलीतील परिच्छेद कोणीतरी ईमेलमध्ये चिकटवतो, ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवतो किंवा शेजारच्या मॅकवर उघडतो, आणि पुन्हा कचरा. शिवाय जुन्या फॉन्टचा परवाना बहुधा एका संगणकापुरता असतो, हेही ध्यानात ठेवावे.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगतो, कारण त्यात आमचा एक पूर्ण दिवस गेला. मॅकसोबत 'श्री देवनागरी ७१४' नावाचा फॉन्ट येतो. श्रीलिपी वापरणाऱ्यांना ७१४ हा क्रमांक घरचाच वाटतो, त्यामुळे जुन्या फायली आता आपोआप उघडतील असा कोणाचाही समज होईल. मॅकवरचा हा फॉन्ट युनिकोडचा आहे. अक्षरांचे वळण ओळखीचे असले तरी जुन्या श्रीलिपी मजकुराला तो लावला की इंग्रजी अक्षरेच दिसतात. नाव सारखे आहे, आतली वाटणी वेगळी आहे.

खरा उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, आणि तोही जुना विंडोज संगणक मोडीत काढण्यापूर्वी. 'आधी मॅक घेऊ, रूपांतर नंतर मॅकवरच आभासी विंडोज चालवून करू' हा बेत कागदावर चांगला दिसतो. पण नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम-१ चिपपासूनच्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवरच विंडोज बसवण्याची सोय) चालत नाही, आणि पॅरलल्ससारख्या आभासी विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते ते आर्म प्रकारच्या चिपसाठीचे विंडोज. त्यात साधी जुनी सॉफ्टवेअर बऱ्यापैकी चालतात, पण जे पॅकेज यूएसबी लॉकवर (संगणकाला लावावी लागणारी परवान्याची किल्ली) चालते त्याच्या लॉकचा जुना ड्रायव्हर तिथे चढत नाही. लॉक ओळखला गेला नाही की पॅकेज सुरू होत नाही, आणि पॅकेजसोबत आलेला रूपांतराचा पर्यायही हातचा जातो.

पेजमेकरच्या फायलींना तर याहून कमी वाव आहे. पेजमेकरच्या ६.५ आणि ७ या आवृत्त्यांच्या फायली उघडू शकणारे शेवटचे इनडिझाइन (पेजमेकरची जागा घेणारे पानमांडणीचे सॉफ्टवेअर) म्हणजे सीएस ६ ही आवृत्ती. ते ३२ बिटचे सॉफ्टवेअर आहे आणि २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून मॅक ३२ बिटची सॉफ्टवेअर चालवत नाही. म्हणून जुने अंक आणि अहवाल यांच्या पेजमेकर फायली विंडोजवरच उघडून इनडिझाइनच्या रूपात जतन कराव्यात आणि प्रत्येकाची पीडीएफ काढून ठेवावी. ती पीडीएफ फक्त डोळ्यांनी ताडून पाहण्यासाठी आहे. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवला तर पुन्हा इंग्रजी अक्षरेच हाती येतात.

रूपांतर करताना

कृतिदेव, श्रीलिपी वगैरेंसाठी रूपांतरक मिळतात, आणि रूपांतरक त्या फॉन्टसाठीच बनवलेला असणे आवश्यक आहे. एकाच पॅकेजच्या दोन मालिकांमध्येही अक्षरांची वाटणी वेगळी असू शकते, त्यामुळे फॉन्टचे पूर्ण नाव, त्यातील आकड्यांसह, आधी टिपून घ्यावे. पण रूपांतरक चांगला असूनही काम बिघडते ते दुसऱ्याच कारणाने. अहवालातील मजकूर सलग मराठी नसतो. मध्येच बँकेचे इंग्रजी नाव, खाते क्रमांक, ईमेल पत्ता, जीएसटी क्रमांक येतो, आणि तो एरियल किंवा टाइम्समध्ये असतो. सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फायलीत ओतून रूपांतरकाला दिला तर कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहितीच नष्ट होते, आणि रूपांतरक बँकेच्या इंग्रजी नावाचीही देवनागरी भेळ करतो.

म्हणून मजकूर आरटीएफ (फॉन्टची माहिती जपणारा फाइल प्रकार) किंवा वर्डच्या रूपात न्यावा. वर्डमध्ये शोधताना फॉन्टची अट घालता येते. त्या अटीने केवळ जुन्या मराठी फॉन्टमधील तुकडे निवडून तेवढेच रूपांतरित करावेत आणि इंग्रजी फॉन्टमधील तुकड्यांना हात लावू नये.

आकड्यांच्या बाबतीत मी कोणावरही विश्वास ठेवत नाही, स्वतःवरही नाही. कृतिदेवमध्ये पूर्णविरामाचे चिन्ह इंग्रजी हायफनच्या जागी बसवलेले आहे आणि स्वल्पविराम चौकटी कंसाच्या जागी. रूपांतर अर्धवट झाले तर ताळेबंदातील दशांशचिन्हाचे हायफन होते, आणि रूपांतर नको तिथे झाले तर दूरध्वनी क्रमांकातील हायफनचे टिंब होते. दोन्ही चुका वाचताना सहज निसटतात, कारण ओळीचा आकार जवळपास तोच राहतो. ताळेबंदाचे प्रत्येक पान छापील प्रतीशी, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने बोट ठेवून, ताडून पाहावे. याला पर्याय आम्हाला सापडलेला नाही.

अक्षरांपैकी तीन ठिकाणे मुद्दाम तपासावीत. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठते, आणि युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. चांगला रूपांतरक हा क्रम बदलतो, पण 'स्थिती', 'शक्ति' अशा जोडाक्षरांत सामान्य रूपांतरकाची वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. दुसरा रफार: तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी असतो, त्यामुळे 'धर्म' आणि 'कर्ज' हे शब्द नमुन्यादाखल पाहावेत. पतसंस्थेच्या अहवालात 'कर्ज' इतक्या वेळा येतो की तेवढा एक शब्द शोधला तरी रूपांतरकाची परीक्षा होते. तिसरे ठिकाण खास मराठीचे. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना', 'तऱ्हा' यांतील अर्धा र रूपांतरानंतर अनेकदा रफार होऊन 'दुसर्या' असा उतरतो. हिंदीसाठी बनवलेल्या रूपांतरकांमध्ये हा दोष ठरलेलाच आहे, कारण हिंदीला त्या अक्षराची गरज पडत नाही. शेवटी 'र्या' आणि 'र्‍या' अशी दोन्ही रूपे शोधून हातानेच दुरुस्ती करावी, कारण 'आर्या', 'कार्यालय' यांतला रफार खरा असतो आणि सरसकट बदल केला तर तोही जातो.

दुसरा बिघाड: काही अक्षरे बरोबर, काही भलतीच

फॉन्ट बसवलेला आहे, बहुतेक ओळ वाचता येते, पण मधली काही जोडाक्षरे गायब आहेत किंवा त्यांच्या जागी भलतीच चिन्हे आहेत, असे दिसले तर फॉन्टला दोष देऊ नका. जुन्या फॉन्टमध्ये साधी अक्षरे इंग्रजी वर्णमालेच्या जागांवर असतात आणि जागा अपुऱ्या पडल्यामुळे उरलेली जोडाक्षरे १२८ ते २५५ या क्रमांकांच्या चिन्हांवर बसवलेली असतात. खालच्या १२८ जागा विंडोज आणि मॅक दोघांकडेही सारख्या आहेत. वरच्या जागांची विंडोजची वाटणी वेगळी आणि मॅकची जुनी वाटणी वेगळी. साध्या टेक्स्ट फायलीत वाटणी कोणती हे लिहिलेले नसते, म्हणून मॅक अंदाज बांधतो, आणि तो चुकला की वरच्या मजल्यावरील अक्षरे तेवढी बिघडतात.

मॅकसोबत येणाऱ्या टेक्स्टएडिटच्या सेटिंगमध्ये फाइल उघडण्याची वाटणी आपोआप ठरवण्याऐवजी 'वेस्टर्न, विंडोज लॅटिन १' अशी निवडावी आणि फाइल नव्याने उघडावी. चुकीची उघडलेली फाइल कधीही जतन करू नये. तसे केल्यास चुकीची चिन्हे कायमची फायलीत लिहिली जातात आणि मूळ प्रत नसेल तर पुढे काही करता येत नाही. आमच्याकडे एका स्मरणिकेची आठ पाने अशीच पुन्हा टाइप करावी लागली.

तिसरा बिघाड: युनिकोड असूनही काने-मात्रा सुट्या

मजकूर युनिकोडमध्ये आहे, टेक्स्टएडिटमध्ये सुरेख दिसतो, पण इनडिझाइनमध्ये चिकटवताच वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात. याचे कारण म्हणजे इनडिझाइनमधील परिच्छेद मांडणारा नेहमीचा कंपोझर भारतीय लिप्यांसाठी नाही. परिच्छेद पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडला की मजकूर जागच्या जागी सुधारतो.

हा बिघाड परत येतो तो दोन वाटांनी. एक, कंपोझर निवडलेल्या परिच्छेदापुरताच बदलतो, पुढची नवी फाइल पुन्हा जुन्या कंपोझरवर उघडते. कोणतीही फाइल उघडी नसताना हीच निवड केली तर ती पुढील सर्व नव्या फायलींसाठी लागू होते. हे एकदा प्रत्येक मॅकवर करून टाकावे. दोन, गेल्या वर्षीचा अहवाल उघडून त्यातच या वर्षीचा मजकूर ओतण्याची आपल्या धंद्यातील सवय. जुन्या फायलीतील परिच्छेद शैली जुना कंपोझर सोबत घेऊन येते, म्हणून तो बदल परिच्छेद शैलीतच करावा, ओळी निवडून नव्हे. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते, बाकी प्रकार तोच.

चौथा बिघाड: दिसतो बरोबर, शोधला तर सापडत नाही

'ॲड.' ही अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात. एक म्हणजे 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि दुसरा म्हणजे 'अ' वर अर्धचंद्राची खूण. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. संचालक मंडळाच्या यादीतील सर्व वकिलांची उपाधी बदलायची ठरवली आणि निम्म्याच बदलल्या, तर कारण हे समजावे. आम्ही स्वतंत्र अक्षर प्रमाण मानले आहे आणि आलेल्या प्रत्येक मजकुरात दुसरे रूप शोधून बदलतो.

बिघाड परत कोठून येतो

एवढे सर्व करूनही आमच्याकडे नवा कचरा येत राहिला, आणि शोध घेतल्यावर कारण कळफलकात सापडले. आमचे दोन्ही ऑपरेटर रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राच्या पद्धतीवर शिकलेले, शासकीय टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण झालेले. मॅकवरील 'देवनागरी' कळफलक इनस्क्रिप्ट या प्रमाणित मांडणीवर बेतलेला आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, आणि वेलांटी अक्षरानंतर. बोटांची वीस वर्षांची सवय अशी एका आठवड्यात सुटत नाही. घाईचे काम आले की ते टॅलीच्या विंडोज संगणकावर बसून जुन्या पॅकेजमध्ये टाइप करत आणि फाइल मॅकवर नेत. कोणाला काही सांगण्याची गरजही त्यांना वाटली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने काम वेळेवर झाले होते.

त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. युकेलेले नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरून मॅकसाठी स्वतःचा कळफलक बनवता येतो. आम्ही रेमिंग्टनच्या व्यंजनांच्या जागा त्यात तशाच ठेवल्या. ऱ्हस्व वेलांटी आधी दाबण्याची सवय मात्र साध्या, एकेरी व्यंजनांपुरतीच सांभाळता आली, जोडाक्षरांसाठी ती नंतर दाबायला शिकावेच लागले. आमच्याकडील वयाने लहान असलेल्या मुलाने थेट इनस्क्रिप्ट शिकून घेतले आणि आता त्याचा वेग अधिक आहे. त्यात अर्धा र लिहिण्यासाठी शिफ्टसह जे, म्हणजे ऱ, त्यानंतर हलन्त आणि य, एवढेच करावे लागते. 'शेतकऱ्यांना' हा शब्द आता तो न अडखळता टाइप करतो.

दुसरी वाट ग्राहकांची. टंकलेखन केंद्रातून टाइप करून आणलेला मजकूर आजही बऱ्याचदा जुन्याच फॉन्टमध्ये असतो. तो पेन ड्राइव्हवरून थेट पानात घेऊ नये. आम्ही 'आवक' नावाचा एक फोल्डर ठेवला आहे. मूळ फाइल तिथे जशीच्या तशी राहते, वर दिलेली फॉन्ट बदलण्याची चाचणी होते, आणि रूपांतरित प्रतच पुढे जाते. जुना विंडोज संगणक रूपांतरासाठी ठेवणार असाल तर ध्यानात ठेवा, विंडोज १० चा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तो संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त पेन ड्राइव्हने वापरावा आणि टॅलीचा, जीएसटीचा संगणक वेगळा असावा.

पेन ड्राइव्हचा विषय निघालाच आहे. एनटीएफएस प्रकारचा ड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर लिहीत नाही, म्हणून देवघेवीचे ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावेत. मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर विंडोजला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या, मूळ फायलीच्याच नावाच्या छोट्या फायली दिसतात. ग्राहक त्या मजकुराच्या फायली समजून उघडतात आणि 'तुमची फाइल खराब आहे' असा फोन करतात. त्या मॅकच्या नोंदी आहेत, ग्राहकाला देण्याआधी काढून टाकाव्यात.

फायलींची नावे मराठीत ठेवत असाल तर ऱ हे अक्षर नावात टाळावे. युनिकोडमध्ये ऱ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि र खाली नुक्ता (अक्षराखालचे टिंब) देऊनही. मॅकच्या जुन्या, एक्स्टेंडेड प्रकारच्या डिस्कवर फायलीचे नाव लिहिताना ऱ आपोआप फोडला जातो. ती फाइल विंडोजच्या सामायिक फोल्डरमध्ये गेली की नाव दिसायला तेच राहते, पण इनडिझाइनला ते सापडत नाही आणि पानावरील छायाचित्राची लिंक तुटते. 'शेतकऱ्यांचा मेळावा' नावाच्या छायाचित्राने आमच्याकडे हा प्रकार तीनदा केला. चौथ्यांदा त्याचे नाव 'मेळावा १' ठेवले.